घरी बांधलेल्या विमानाचं वायरिंग: काटकसर कुठे चालते, कुठे नाही?

कृष्णाकाठ (पलूस)

नमस्कार मंडळी.

आमच्या तिघांचं दोन आसनी विमान आता इंजिन बसवण्यापर्यंत आलं आहे. अ‍ॅल्युमिनिअमचा सांगाडा, पंख वरच्या बाजूला, नाकात ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन. पत्रा, रिव्हेट, कंट्रोलच्या केबली इथपर्यंतची कामं जाणकारांकडून तपासून घेतली आहेत. डीजीसीएच्या (नागरी विमानांना परवानगी देणारं सरकारी खातं) परवानगीचं काम वेगळं चालू आहे. तो विषय मोठा आहे, त्यामुळे तो इथे नको.

धागा काढलाय तो वायरिंगसाठी. आमच्यात दोन तट पडलेत. एका मित्राचं म्हणणं असं की ९१२चं इग्निशन (पेट्रोल पेटवणारी ठिणगी) बॅटरीवर अवलंबून नाही. जनरेटरमधल्या वेगळ्या कॉइल दोन्ही इग्निशन सर्किटना वीज देतात. इंधनपंप यांत्रिक, शिवाय टाक्या वर पंखात. सगळी वीज गेली तरी इंजिन फिरत राहणार. मग डोकेफोड कशाला? एक बॅटरी, एक मास्टर स्विच, एक फ्यूजबॉक्स, विषय संपला.

मला हे पटत नाही. वीज गेली तर इंजिन चालेल हे खरं, पण वीज नको त्या जागी गेली तर? सीटखालून, पॅनलमागून, पेट्रोलच्या नळीशेजारून वायरी जाणार आहेत. माझं मत असं की प्रत्येक वायर ओढण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: ही तुटली तर काय होईल, आणि ही बॉडीला लागली तर काय होईल? उत्तर वहीत लिहायचं, मगच वायर ओढायची. मित्र म्हणतो, असं करत बसलो तर विमान आपली पोरं उडवतील.

इथे कारखाने, ट्रॅक्टर, रिवाइंडिंग, रेल्वे, हवाईदल असा सगळीकडचा अनुभव असलेली माणसं आहेत, म्हणून विचारतो. दुकानातली घरगुती एफआर (आग पसरू न देणारी) वायर चालेल का? फ्यूज की ब्रेकर? जॉइंट सोल्डर करायचा की क्रिम्प (दाबून चेपलेला)? बॅटरी कुठली?

भडंगप्रेमी (सांगली)

पलूसला विमान! नादखुळा. फोटो टाका की राव. प्रश्नातलं मला काही कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचणार.

वायरमन_विटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको. घरात मी रोज तीच ओढतो आणि घरात ती उत्तम आहे. पण ती पीव्हीसी आहे. ७० अंशांपर्यंतची. मे महिन्यात विमान उन्हात उभं केलं, काच बंद, की पॅनलमागे आधीच भट्टी झालेली असते. त्यात वायर स्वतः तापणार, वर इंजिनाची धग.

त्याहून वाईट म्हणजे धूर. एफआर वायर ज्योत पुढे पसरू देत नाही, पण पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. घशाला, डोळ्यांना असला झोंबतो की माणूस डोळे उघडू शकत नाही. घरात आपण दार उघडून अंगणात पळतो. तुम्ही कुठे पळणार?

विमानासाठी ईटीएफईचं कवच असलेली वायर येते, तिला टेफ्झेल म्हणतात. १५० अंश, ६०० व्होल्ट, कवच पातळ आणि चिवट, आत टिन चढवलेलं बारीक तारांचं तांबं. महाग आहे, पण एवढ्याशा विमानाला लागणार किती? इंजिनाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. इथे काटकसर करू नका.

एक काटकसर मात्र चालते. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड केबलीसाठी चांगल्या प्रतीची तांब्याची वेल्डिंग केबल बरेच जण वापरतात. लवचीक असते, कंपनात टिकते. तुमच्या इंजिनाला २५ स्क्वेअर एमएम पुरेल.

रिवाइंडिंगकाका (मिरज)

जॉइंट सोल्डरचाच. आयुष्यभर मोटारी भरल्या, सोल्डर केलेला जॉइंट परत आलेला मला आठवत नाही. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची नळी) चेपून केलेले जॉइंट मात्र ढिगाने परत येतात. उसाच्या ट्रॉलीचे दिवे घ्या, ट्रॅक्टरचा सेल्फ घ्या, बोअरची मोटर घ्या. थिंबल सैल, वायर काळी, कवच वितळलेलं. जमिनीवर ही गत, तर वर काय होईल?

अस्मिता_सातारा

काका, तुम्ही पाहिलेलं सगळं खरं आहे. फक्त तो दोष थिंबलचा नाही, पक्कडीचा आहे. आपल्याकडे थिंबल साध्या पक्कडीने चेपतात, नाहीतर हातोडीने. मी विमानांच्या देखभालीत काम करते. आमच्याकडे रॅचेटचं क्रिम्पिंग टूल असतं. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते सुटतच नाही. तांब्याच्या तारा आणि थिंबलची नळी इतकी घट्ट दाबली जाते की मध्ये हवेला जागा राहत नाही. हवा नाही, म्हणून ते काळं पडत नाही. विमानाच्या थिंबलला दुसरी पकड असते, ती वायरचं कवच धरते. त्यामुळे हिसका तांब्यावर येत नाही.

सोल्डरचं असं होतं की ते तारांमधून वर चढतं आणि कवचाच्या आत जाऊन थांबतं. तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक, त्यापुढे मऊ. इंजिन थरथरतं तेव्हा सगळा बाक त्या एका सीमेवर येतो आणि वायर तिथेच तुटते. कवच शाबूत असतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तुमचा जॉइंट वार्निशमध्ये बसलेला असतो, हलत नाही, म्हणून तो टिकतो. विमानात सोल्डर वर्ज्य नाही. पण मग जॉइंटवर स्लीव्ह हवी आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवा, म्हणजे तो भाग वाकणारच नाही.

कृष्णाकाठ, टूल आणल्यावर सुरुवातीचे तुकडे फक्त ओढून तोडण्यासाठी करा. ओढल्यावर वायर तुटली पाहिजे. थिंबलमधून निसटली, तर टूलचा साचा किंवा थिंबलचा माप चुकलाय.

रिवाइंडिंगकाका (मिरज)

अस्मिताताई, वार्निशचा मुद्दा पटला. कंपनाचा विचार मी केला नव्हता कारण माझी मोटर फाउंडेशनला बोल्ट केलेली असते.

विट्याच्या पाव्हण्यांनी टिन चढवलेल्या तांब्याचं सांगितलं, त्याला माझा दुजोरा. २०१९च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या मोटारी दुकानात रांगेने आल्या होत्या. लीडची वायर टोकाला हिरवी दिसायची. मी कवच सोलत गेलो तर हिरवटपणा वीतभर आत! टोकाचं ओल तारांच्या फटीतून आत चढलेलं. साधं तांबं असंच सडतं. आपल्याकडचा पावसाळा पाहता शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानालाही हेच लागू.

आणि हो, रॅचेटचं टूल माझ्याकडे आहे. मोठ्या मापांसाठी वापरतो. साचा बदलता येतो. हवं तर घेऊन येतो.

मिरज_जंक्शन

रेल्वेत आमचा एक नियम मुरलेला आहे. बिघाड झाला तर सिग्नलने लाल व्हायचं, हिरवं नाही. वायर तुटली तरी लाल, वीज गेली तरी लाल. विमानाचं असं काही ठरवता येतं का? कृष्णाकाठ विचारतायत तोच हा प्रश्न आहे असं मला वाटतं.

अस्मिता_सातारा

@मिरज_जंक्शन, विमानात अडचण ही की "थांबा" ही सुरक्षित अवस्था नसते. म्हणून दोन याद्या कराव्या लागतात. जे तुटलं तर चालू राहिलंच पाहिजे ते एका यादीत, आणि जे बिघडलं तर बंद झालंच पाहिजे ते दुसऱ्या यादीत.

पहिल्या यादीचं सुंदर उदाहरण म्हणजे इग्निशनचा स्विच. लायकॉमिंग इंजिनाचा मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारं यंत्र) घ्या किंवा ९१२चं इग्निशन, स्विच वीज देत नाही. स्विच इग्निशनची वायर बॉडीला टेकवून, म्हणजे अर्थ करून, ते बंद करतो. त्यामुळे ती वायर तुटली तर इंजिन चालूच राहतं. आकाशात हे वरदान आहे. जमिनीवर मात्र तेच जिवावर बेततं. स्विच बंद दिसतो, इग्निशन जिवंत असतं, आणि कुणीतरी प्रोपेलर हाताने फिरवतो. म्हणून प्रोपेलरला हात लावताना ते सुरूच आहे असं धरूनच लावायचा, कायम. प्रत्येक उड्डाणाच्या शेवटी इंजिन मंद असताना स्विच क्षणभर बंद करून ते खरंच बंद पडतंय का ते पाहा.

दुसऱ्या यादीत इलेक्ट्रिक ट्रिम, म्हणजे काठीवरचा (विमान चालवायच्या दांड्यावरचा) जोर कमी करणारी मोटर. स्विच चिकटला किंवा वायर शॉर्ट झाली की मोटर एका टोकापर्यंत धावत सुटते आणि काठी दोन्ही हातांनी ओढावी लागते. त्याची वीज तोडणारं बटण वैमानिकाच्या हाताशी हवं, प्रवाशाच्या गुडघ्याखाली नाही. स्टार्टरचा रिले (विजेने चालणारा स्विच) चिकटला तर कळावं म्हणूनही एक छोटा दिवा हवा. बटण सोडल्यावरही दिवा लागलेला राहिला, तर लगेच सगळं बंद करायचं.

शंकासुर

सगळं छान आहे. पण एवढा तांत्रिक खटाटोप तिघांनी शेडमध्ये बसून करावा का? कंपनीच्या विमानांतही वायरिंगमुळे अपघात होतात. तुमच्यावर देखरेख कोण ठेवणार? गावावर पडलं तर? मी विरोध म्हणून नाही, काळजीने विचारतोय.

माणदेशी

काळजी रास्त आहे. पण आपल्याकडे हे पहिल्यांदा होत नाहीये. मूळचे पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि २०१७मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. गच्चीवर! त्यांच्या चिकाटीला माझा सलाम.

अमेरिकेत तर घरी बांधलेल्या विमानांची जुनी परंपरा आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी केलेलं असावं हा तिथला नियम. पहिले २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या मोकळ्या भागातच उडवायचं, प्रवासी न्यायचा नाही.

भडंगप्रेमी (सांगली)

उडवणार कुठून? कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर तर काही उरलं नाही.

कृष्णाकाठ (पलूस)

@भडंगप्रेमी, कराडचा विचार आहे. पंख काढून ट्रकने न्यायचं. परवानगी मिळेपर्यंत जमिनीवरच्या चाचण्या शेडजवळ.

@शंकासुर, तुमचा प्रश्न मनापासून आवडला. देखरेखीसाठी आम्ही ठरवलंय की ज्याने वायर ओढली त्याने ती तपासायची नाही. तिसऱ्या माणसाने तपासायची, आणि वहीत सही करायची.

हवाईदल_निवृत्त (अपशिंगे)

उशिरा लिहितोय, पण सगळं वाचलं. शंकासुर यांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण कंपनीच्या विमानांचे अपघात हेच आपलं शिक्षण आहे.

१९९८च्या २ सप्टेंबरला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान, एमडी-११ जातीचं, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात पडलं. २२९ माणसं गेली. तपासात दिसलं की कॉकपिटच्या छताच्या वर वायरीत ठिणगी पडली आणि तिथल्या इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला. मनोरंजनाच्या पडद्यांची वायर त्यात होती. पहिला वास आल्यापासून जेमतेम वीस मिनिटांत सगळं संपलं. म्हणजे जी यंत्रणा विमान उडवायला लागतच नव्हती, तिच्या वायरचाही या घातात वाटा असावा. त्याआधी १९९६मध्ये न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० या विमानाच्या मधल्या इंधनटाकीतल्या वाफेचा स्फोट झाला, २३० माणसं गेली. तिथेही सगळ्यात संभाव्य कारण म्हणून तपास पथकाने वायरिंगमधल्या शॉर्टकडेच बोट दाखवलं.

कृष्णाकाठ, तुमच्या मित्राला हे सांगा. इंजिनाला वीज लागत नाही ही चांगली गोष्ट आहे, कारण त्यामुळे धूर दिसताच बिनदिक्कत मास्टर बंद करता येतो. वायरिंग कसंही चालेल असा त्याचा अर्थ होत नाही.

आता एक पाहिलेली गोष्ट. निवृत्तीनंतर एका क्लबचं मायक्रोलाइट (अगदी हलकं छोटं विमान) बघायला गेलो होतो. तक्रार एवढीच की अधूनमधून जळका वास येतो आणि रेडिओ खरखरतो. सगळे फ्यूज ठीक. इंजिन माउंटच्या नळीला वायरींचा जुडगा प्लास्टिकच्या केबल टायने आवळलेला होता. मी टाय कापून वायर उलटी केली. खालच्या बाजूला कवच झिजून नखाएवढा तांब्याचा भाग उघडा पडला होता, घासून आरशासारखा चकचकीत. समोर स्टीलच्या नळीवर रंग गेलेला आणि काळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ठिणगी. ठिणगी इतकी क्षणिक की फ्यूज उडायला वेळच मिळत नव्हता. आणि तिथून चार बोटांवर इंधनाची नळी होती.

तेव्हा इंजिनाच्या बाजूला केबल टायवर विसंबू नका. रबर बसवलेले धातूचे क्लॅम्प वापरा. वायर नेहमी इंधनाच्या नळीच्या वरून न्या, खालून नाही, म्हणजे गळती वायरवर पडणार नाही. दोघांत शक्यतो सहा इंच अंतर. जागाच नसेल तर दोन्ही पक्क्या क्लॅम्पमध्ये, आणि तेव्हाही अर्ध्या इंचाच्या आत कधीच नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) वायर जाते तिथे भोकात नुसता रबरी ग्रोमेट (कडी) पुरत नाही. आग लागली की रबर आधी जळतं आणि ज्वाळेला केबिनमध्ये यायला भोक मोकळं होतं. तिथे स्टीलची चकती आणि आग सोसणारं सीलंट हवं.

वायरमन_विटा

निवृत्त साहेब, "फ्यूज उडायला वेळच मिळत नव्हता" हे वाक्य मी दुकानात लिहून लावणार आहे. लोकांना वाटतं फ्यूज आहे म्हणजे सगळं सुरक्षित.

कृष्णाकाठ (पलूस)

मित्राने निवृत्त साहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता तो स्वतःच वही घेऊन बसलाय. पण त्याचा प्रश्न आहे: ब्रेकर लावले तर उडाल्यावर वरच परत दाबता येतील. फ्यूज बदलणार कसा?

अस्मिता_सातारा

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला वाचवण्यासाठी नाही. इथून विचार सुरू केला की बाकीचं सोपं जातं. २२ गेजच्या, म्हणजे साधारण ०.३३ स्क्वेअर एमएमच्या वायरला ५ अँपिअर. २० गेज, ०.५२ स्क्वेअर एमएम, तिला ७. १८ गेज, ०.८२, तिला १०. उपकरण कितीही घेवो, वायर ज्या मापाची त्याहून मोठा फ्यूज नाही. आणि फ्यूज वीज निघते त्या टोकाला. उपकरणाजवळ लावलात तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते.

आता दाबण्याचं. ब्रेकर उडतो तो काहीतरी सांगण्यासाठी. त्याला परत दाबणं म्हणजे आधीच जळलेल्या जागी पुन्हा वीज सोडणं. जे नसलं तरी उतरता येतं, त्याचा ब्रेकर हवेत परत दाबायचाच नाही. अगदी गरजेचं असेल तर थोडं थांबून एकदाच. म्हणून मी स्वतः ब्लेड फ्यूजच्या बाजूने आहे. हलके, स्वस्त, विश्वासाचे, आणि हवेत त्यांच्याशी खेळायचा मोह होत नाही. एका फ्यूजच्या जाण्याने उड्डाण धोक्यात येत असेल तर दोष आराखड्यात आहे, फ्यूज बदलायची सोय करून तो जात नाही.

९१२साठी एक खास गोष्ट. त्याचा जनरेटर कायम चुंबकाचा आहे, २५० वॅटचा, म्हणजे १४ व्होल्टला जेमतेम १८ अँपिअर, आणि तेही पूर्ण फेऱ्यांवर. चुंबक बंद करता येत नाही. रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा) बिघडून व्होल्टेज चढायला लागलं तर? म्हणून जनरेटर आणि रेग्युलेटरच्या मध्ये रिले, आणि १६ व्होल्टच्या आसपास तो रिले सोडणारं ओव्हरव्होल्टेजचं सर्किट. रेग्युलेटरला गार हवा मिळाली पाहिजे, तो ८० अंशांच्या वर जाता कामा नये. त्याच्याजवळ २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला रोटॅक्सनेच सांगितलं आहे, बॅटरी सुटली तरी व्होल्टेज उड्या मारत नाही.

सातारी_कंदी

बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही. लिथिअम घ्या, लेड-अ‍ॅसिडच्या (शिशाच्या) मानाने निम्म्याहून हलकी. नाकातलं वजन वाचेल.

शंकासुर

लिथिअम? २०१३च्या जानेवारीत बोइंग ७८७च्या बॅटरींनी काय केलं ते विसरलात? बोस्टनला उभ्या विमानात आग, नऊ दिवसांत जपानच्या ताकामात्सूला तातडीने उतरावं लागलं, मग जगभरची ७८७ तीन महिने जमिनीवर.

सातारी_कंदी

त्या लिथिअम-कोबाल्टच्या होत्या. इथे लिथिअम-लोह-फॉस्फेट घेतात, ती रसायनं बरीच शांत असतात. दोघांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

हवाईदल_निवृत्त (अपशिंगे)

दोघांचंही बरोबर आहे. लोह-फॉस्फेट खरोखर शांत आहे, पण तिच्या आत इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की तो बॅटरी सर्किटमधून काढून घेतो. नेमक्या वाईट वेळी. पहिल्या विमानाला बंदिस्त एजीएम लेड बॅटरी घ्या असं माझं मत. दोन-तीन किलो जास्त, पण तिचं वागणं आपल्याला माहीत आहे, आणि ती सांगलीतही मिळते. वर्षातून एकदा ठरावीक लोड लावून किती वेळ टिकते ते मोजा. सेल्फ मारते म्हणजे बॅटरी चांगली असं धरू नका.

मिरज_जंक्शन

एक हिशेब समजावून सांगाल का? जनरेटर गेला तर किती वेळ मिळतो?

अस्मिता_सातारा

रेडिओ ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना दोन-तीन. ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख सांगणारं यंत्र) एकच्या आसपास. एक स्क्रीन दोन. सरासरी चार धरा. १७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तिच्यावर निम्माच भरवसा ठेवायचा, कारण ती जुनी होते. साडेआठ भागिले चार, दोन तास. इंधनाला साजेसं आहे.

पण यात एक चोर आहे, मास्टर काँटॅक्टर, म्हणजे मास्टर स्विचने चालणारा मोठा रिले. त्याची कॉइल एकटीच पाऊण ते एक अँपिअर खाते. म्हणून गरजेच्या वस्तूंची एक छोटी वेगळी बस (वीज वाटणारी पट्टी) करतात. एरवी तिला मुख्य बसवरून डायोडमधून वीज मिळते. जनरेटर गेला की दुसऱ्या स्विचने ती थेट बॅटरीला जोडायची आणि मास्टर बंद करायचा. चोरही गेला, आणि मास्टर स्वतः बिघडला तरी रेडिओ जिवंत. डायोडमध्ये चार-पाच वॅट उष्णता होते, त्याला पत्र्यावर बसवा.

आणि १३ व्होल्टखाली लागणारा लाल दिवा नक्की लावा. जनरेटर चालू असताना १४च्या आसपास दिसतं, नुसत्या बॅटरीवर १२.८च्या खाली. दिवा नसेल तर जनरेटर गेल्याचं पुष्कळदा रेडिओ मेल्यावरच कळतं.

माणदेशी

उंदीर! कुणी उंदरांचं बोललंच नाही. उसाच्या रानाशेजारी शेड म्हणजे तोडणी झाली की सगळे आत. आमच्या ट्रॅक्टरच्या वायरी एका रात्रीत कुरतडल्या होत्या. विमान दोन महिने उभं राहिलं की पंखाच्या टोकापर्यंत तपासायला हवं.

अस्मिता_सातारा

@माणदेशी, अगदी बरोबर. उघडता येणारी तपासणीची झाकणं पुरेशी ठेवा. हात पोचत नाही अशा जागी जॉइंट नको.

रिवाइंडिंगकाका (मिरज)

अर्थिंग कुणीच काढलं नाही, ते मी सांगतो. इंजिन रबराच्या माउंटवर बसतं, म्हणजे ते बॉडीपासून वेगळंच. इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तांब्याची जाड पट्टी हवी. ती सैल झाली की सेल्फ मारताना शेकडो अँपिअर दुसरा रस्ता शोधतात. मिळतो कुठला? चोकची केबल, थ्रॉटलची केबल. ट्रॅक्टरची अ‍ॅक्सिलरेटरची केबल लालबुंद होऊन जाम झालेली मी पाहिली आहे. विमानात थ्रॉटल जाम म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

हवाईदल_निवृत्त (अपशिंगे)

काकांना सलाम. हे पुष्कळ शिकलेली माणसंही विसरतात.

धुराचं पाठांतर राहिलं. जमिनीवर, इंजिन बंद, डोळे मिटून सराव करा: मास्टर बंद, जनरेटर बंद, खिडकीची हवा उघडा, जवळची मोकळी जागा निवडा, उतरा. धूर थांबला म्हणून कुठला बिघाड होता ते शोधायला हवेत पुन्हा काही चालू करायचं नाही. फ्लॅप (उतरताना वेग कमी करायला पंखाच्या मागे खाली येणारे पत्रे) इलेक्ट्रिक असतील तर फ्लॅपशिवाय उतरायचा सराव आधीच हवा. छोटा हातातला रेडिओ खिशात ठेवा. धूर नसून नुसताच रेडिओ गेला असेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००, हा रेडिओ गेल्याचा कोड.

कृष्णाकाठ (पलूस)

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं ते असं: टेफ्झेल वायर, क्रिम्प, ब्लेड फ्यूज, एजीएम बॅटरी, गरजेची वेगळी बस, १६ व्होल्टचं संरक्षण, १३ व्होल्टचा दिवा, ट्रिमचं तोडबटण डाव्या अंगठ्याखाली. वहीचं पहिलं पान मित्राने लिहिलं. गरजेच्या बसची पर्यायी वायर बॅटरीवरून थेट येते, तिला १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीशेजारी लावतोय. बरोबर ना?

अस्मिता_सातारा

थांबा. ती वायर मास्टर बंद केल्यावरही जिवंत राहते. शेतात पोट घासून उतरलात, पत्रा दुमडला, तर तीच वायर पेट्रोलजवळ ठिणगी टाकेल. बॅटरीवर थेट जाणाऱ्या वायरीला ५ अँपिअरहून मोठा फ्यूज नको. जास्त लागत असेल तर बॅटरीशेजारीच छोटा रिले बसवा, म्हणजे स्विच बंद केला की पुढची सगळी वायर मेलेली.

कृष्णाकाठ (पलूस)

बरं झालं विचारलं. रिले बसवतो. आकृती सुधारून इथेच टाकतो. काका, टूल घेऊन कधी येताय?

रिवाइंडिंगकाका (मिरज)

रविवारी सकाळच्या गाडीने किर्लोस्करवाडीला उतरतो, स्टेशनवर घ्यायला या. २२ आणि २० गेजचा साचा आणतो. थिंबलं तुमची लागतील, तोडायला जास्तीची ठेवा.